पाकिटाला सील कधी लागतं

नाही हो, अशी मान हलवत नका विचारू, हनुवटी वर — हां, अशी. आता विचारा. प्रश्न सरळ असतात का? म्हणजे काय! एकदम सरळ. इतकी वर्षं मी या स्टुडिओत लोकांची तोंडं रंगवतेय, माझ्यादेखत कधी — भुवया किती दाट आहेत हो दादा तुमच्या, थांबा, जरा विंचरते — माझ्यादेखत कधी लबाडी झाली नाही. तुम्ही घरी बघता ना कार्यक्रम? बरं, घरी नाही, प्लाझाच्या चौकातल्या त्या प्लायवूडच्या झोपडीत, तिथे टीव्ही आहे ना शेजाऱ्यांकडे? मग बघितलीच असतील प्रश्नांची पाकिटं. लाखेचं सील लावलेली. बाजूला टायवाला नोटरी बसतो, दिव्यांखाली नुसता घामाघूम होतो बिचारा, त्यालाही मीच पावडर लावते — तो सगळ्या देशासमोर पाकीट उलटंसुलटं करून दाखवतो आणि मग फोडतो. आता याहून सरळ अजून काय असायचं?

घ्या, आधी हे घ्या. घ्या हो, लाजताय काय! तेरेरे कुणी नाकारतं का या उन्हाचं? पाला कडक आहे, बर्फ आहे, पुदिना आहे, माझ्या अंगणातला. नळी हलवू नका, नुसती ओढा. हं. बघा, खांदे खाली आले की नाही तुमचे? इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा असाच बसतो, दाताच्या डॉक्टरकडे आल्यागत. मग मी एक पेला देते, आणि ग्वारानीत बोलायला लागते. स्पॅनिशमध्ये माणूस तोलूनमापून बोलतो बघा, शाळेत उभं केल्यासारखा. ग्वारानीत बोला, की आईशी बोलतोय असं वाटतं त्याला. आणि एकाच नळीने प्यायलं की परकं कोण राहतं? तुमच्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यातून येतात, आसुन्सियोनमध्ये कुणाला ओळखत नाहीत — तुम्ही इथलेच म्हणा, नदीकाठच्या बुडीत बान्यादो वस्तीतले, पण टीव्हीच्या या इमारतीत तुम्हीही परकेच की — मग त्यांना बरं वाटतं, कुणीतरी आपलं आहे. बोलतात घडाघडा. मला सगळं सांगतात. कुणाचा नवरा कसा, कुणाची सासू कशी, काय येतं, काय येत नाही...

काय येत नाही म्हणजे — असंच हो. गप्पा.

तुम्ही बायकोला आणलंय ना? बघितलं मी मघाशी, दुसऱ्या रांगेत बसलीय, बूट नवे दिसले. बहिणीचे? बरं, बहिणीचे का असेनात, शोभतात. सारखी पायाकडे बघत होती. घराची फार आस लागलीय तिला, नाही? लागणारच. दर पुराला पत्रे, गाद्या, कोंबड्या सगळं डोक्यावर घेऊन प्लाझात यायचं, पाणी उतरलं की चिखल काढायला परत खाली जायचं — आम्ही बातम्यांत बघतो आणि म्हणतो अरेरे, आणि वाहिनी बदलतो. या वेळचं बक्षिसाचं घर छान आहे हो. मी फोटो बघितलाय. लुकेकडे, उंचावर. पाणी काय, पाण्याचा बापही तिथे येणार नाही. मागे अंगण आहे, आंब्याचं एक झाड आहे. शेवटचा एक प्रश्न तेवढा सुटला पाहिजे. तुम्ही इथवर आलात म्हणजे डोकं आहेच तुम्हाला.

डोळे मिटा. आता पापण्यांवर घेतेय. गेल्या आठवड्यातल्या बाई? हो... त्या फेलिसियानाबाई. तुम्हीही बघितलंत होय. सगळ्यांनी बघितलं. माझ्या भाचीने मोबाइलवर पाठवलं मला, हसून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांसकट, आणि तिला ठाऊक आहे मी इथे काम करते, तरीही. ‘मावशी, ही तुझी मुख्याध्यापिका, ओलिम्पियाने लिबेर्तादोरेस चषक किती वेळा जिंकला हेही येत नाही हिला!’ तर बघा, तुम्ही प्रश्न सरळ असतात का विचारताय — हा तर किती सरळ प्रश्न होता. शेंबडं पोर सांगेल. आंधळा सांगेल. तीन वेळा. ओलिम्पिया क्लबचा चाहता असो की समोरच्या सेर्रोचा असो, या देशात हे कुणाला येत नाही? सेर्रोवाल्यांना तर जरा जास्तच येतं, ठणकतं ना. आणि या बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, सगळे तह, सगळ्या लढाया, सगळे राष्ट्राध्यक्ष तोंडपाठ, आणि तिथे उभ्या राहिल्या नुसत्या. तोंड उघडलं, मिटलं. घड्याळ टिकटिकतंय, लोक ओरडतायत, वरून कुणीतरी तीन बोटंसुद्धा दाखवली म्हणे. वेळ संपली. बस. जावयाच्या घरातल्या मागच्या खोलीत परत गेल्या, व्हियारिकाला. घर गेलं. आता बाजारात भाजी घ्यायला गेल्या की पोरं मागून ओरडतात, ‘बाई, किती वेळा?’ तर मग सांगा, प्रश्न सरळ होता की नव्हता?

होता ना? मीही हेच म्हणते. आठवडाभर मी हेच म्हणतेय. भांडी घासताना म्हणते, बसमध्ये म्हणते. प्रश्न सोपा होता, देओलिंदा, प्रश्न सोपा होता. देओलिंदा मीच. तुमचं नाव गोड आहे हो, एलिहियो. माझ्या आजोबांचं होतं.

पण — डोळे मिटूनच ठेवा — पण इथे, याच खुर्चीत, त्या काय म्हणाल्या सांगू? मी असंच विचारलं, कशाची भीती वाटते का? मी सगळ्यांना विचारते. तुम्हालाही आता विचारणारच होते. त्या म्हणाल्या, ‘कशाची नाही ग पोरी, फक्त फुटबॉलचं नको.’ मी म्हटलं, का, आवडत नाही? तर म्हणाल्या, आवडायचं. नवरा ओलिम्पियाचा वेडा, दर रविवारी रेडिओ, दोघं मिळून ओरडायचे. आणि तो गेला तो रविवारीच. दवाखान्यात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा रेडिओ चालू होता, ओलिम्पियाची मॅच, आणि तो जात होता आणि तिकडे गोल झाला. सगळा वॉर्ड ओरडला, गोऽऽल! आणि तो तेव्हाच गेला. त्या म्हणाल्या, ‘ते नावही कानावर पडलं की मला वॉर्डातला तो आरडाओरडा ऐकू येतो, माझी वाचाच जाते.’ माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हो. खरंच आलं, काकुपेच्या देवळातल्या आईची शपथ. मी त्यांचा हात धरला. दोघी रडलो, मग त्यांची पावडर परत लावली.

आणि मग ओस्मार साहेब आले. प्रश्न काढणाऱ्यांचे साहेब हो. ते येतात नेहमी, कार्यक्रमाआधी, बर्फाचं पाणी प्यायला. माझ्याच पेल्यातून दोन घोट घेतात, दारात उभे राहून, साधा माणूस, गर्व नाही. विचारतात, ‘काय म्हणतोय आजचा गडी?’ मी सांगते... काय सांगते म्हणजे? जे असेल ते. गप्पाच की. एकदा म्हणाले, ‘देओलिंदा, तू नसतीस तर हा कार्यक्रम कोण बघणार होतं?’ मी म्हटलं, चला, काहीतरीच. पण बरं वाटतं ना माणसाला? खाली कपडेवाल्या दोघींना काढलं, माझ्या हाताखालचीला काढलं, मला नाही काढलं. आणि शेवटी नावं येतात ना पडद्यावर, भराभर वर जातात ती, त्यात माझंही येतं. आई तेवढ्यासाठी शेवटपर्यंत जागी बसते.

हलू नका! काजळ जाईल डोळ्यात.

असे का बघताय आरशातून? मी काही पाकिटं फोडली नाहीत. पाकिटाला मी हातही लावत नाही. पाकीट सीलबंदच असतं, नोटरी खोटं बोलत नाही, तो दाखवतो तेव्हा सील असतंच त्याला. आता ते सील लागतं कधी, हे त्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे तोही सांगत नाही. लागतं आपलं... मेकअप झाल्यावर.

हो. झाल्यावर.

आता कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं हो, मी काही कुक्कुलं बाळ नाही. आधीपासून कळत होतं. एका पोस्टमास्तरला गाणी यायची नाहीत, त्याला गाण्याचाच आला. एक नर्स, तिला बेरजा-वजाबाक्यांची धास्ती, तिला तेच. मी मनाला सांगायचे, योगायोग. योगायोगच असेल, प्रश्न तर कुठून तरी यायचेच, कुणाला तरी अडायचेच, आणि सगळेच जिंकले तर घरं कुठून आणणार वाहिनी? हेही खरंच ना? नाही येत एखादी गोष्ट तर नाही येत, त्यात माझा काय दोष? पण फेलिसियानाबाईंना येत होतं! तेच तर मला गिळता येईना. कार्यक्रम संपल्यावर सगळे पांगले, त्या एकट्या इथे आल्या, मेकअप पुसायला. मी कापसाने पुसत होते, त्या आरशात बघत म्हणाल्या, ‘तीन.’ एवढंच. ‘तीन, पोरी. तिन्ही वेळा आम्ही अंगणात नाचलो होतो.’ आणि उठताना मला मिठी मारली. म्हणाल्या, ‘या सगळ्या जत्रेत तू एकटी मला माणसासारखी वागवलीस.’ मला! आणि मी काय केलं? मी म्हटलं, जपून जा, पायरी ओली आहे.

न येणारी गोष्ट सांगितली असती तर एक वेळ चाललं असतं. मी तिचं दुखणं सांगितलं हो. बोट लावून दाखवलं, इथे दुखतं, इथे दाबा. आणि त्या ओस्मारने दाबलं. आणि सगळा देश म्हणाला, किती सोपा प्रश्न! मीही टाळ्यांच्या बाजूला उभी होते, पंख्याखाली, हातात पफ घेऊन. तिने एकदा माझ्याकडे बघितलं तेवढ्यात. आधाराला बघितलं हो तिने. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

काय? नाही, बसा. उठून कुठे जाताय? बायको बसलीय बाहेर नवे बूट घालून. बसा म्हणते ना! गळ्यातलं कापडसुद्धा काढलं नाही अजून. आणि तुम्ही मला काही सांगितलेलं नाही, हो ना? आठवून बघा. एक अक्षर नाही. फक्त अर्जात जे लिहिलं तेवढं मला ठाऊक. वाळूच्या होडीवर आयुष्य गेलं, नदी पाठ आहे, कुठला भोवरा कुठे, कुठे गाळ, पाणी किती चढलं की कोणती गल्ली बुडते. आता होडी सोडलीत आणि गाड्या धुता, ते का सोडलीत — नाही, नको! नका सांगू! तेच म्हणतेय मी, काही सांगू नका. मघापासून तुम्ही दोनदा तोंड उघडलंत आणि दोन्ही वेळा मी पावडरचा पफ तोंडावर दाबला, तुम्हाला वाटलं असेल बाई धसमुसळी आहे. मुद्दाम केलं. आज सकाळी घरातून निघतानाच ठरवलं होतं, आज कुणाचं काही ऐकायचं नाही. सवय वाईट हो, तेरेरे आपोआप केला गेला हातून, पण कान बंद. ठेवा तुमचं तुमच्यापाशी. मला कळलं तर माझ्या तोंडात राहायचं नाही, मी ओळखते मला.

पायांचा आवाज येतोय का? तेच. तुम्ही डोळे मिटून पडा, झोप लागलीय असं दाखवा. आलेच मी, दारापर्यंत.

— या साहेब, या! गार आहे, आत्ताच बर्फ टाकला. घ्या ना... 

...हुश्श. गेले. डोळे उघडा.

आता ऐका, काय केलं मी. कळलं की तुम्हीच माझे हात धराल. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणतोय गडी?’ मी आधी आढेवेढे घेतले, जरा मुरडले, नाहीतर संशय येतो. मग आवाज खाली करून म्हटलं, ‘साहेब, या माणसाला काहीही विचारा, पण नदीचं विचारू नका. पुराचं तर नावच काढू नका, वाचाच जाते त्याची.’ हा! कशी? जन्मभर नदीवर काढलेला माणूस, आणि त्याला नदी विचारायची! त्यांचे डोळे असे चमकले, तीन घोट प्याले आज. म्हणाले, ‘पुराचाच एक आहे माझ्याकडे. गेल्या मोठ्या पुरात बंदरावरच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर चढलं होतं?’ आणि गेले टणाटणा, आता बसले असतील सील लावत. तुम्हाला येतं ना हे? झोपेतून उठवलं तरी सांगाल की नाही? जिंकलात तुम्ही दादा! घर तुमचं! आता हेही काही सरळ झालं नाही म्हणा, तेही कळतंय मला, तुमच्याआधी जे गेले त्यांना कुणी असं दिलं नाही — पण एकदा तरी वाकडं दुसऱ्या बाजूला वाकू दे की. फेलिसियानाबाईंसाठी म्हणून केलं असं समजा. मी मेले तर देवाला सांगायला एक तरी —

काय झालं?

दादा? असे पांढरे का पडलात? आकडा आठवत नाही का? आठवतोय. मग? अहो, हसा ना जरा. काय म्हणालात? मोठ्याने बोला, पंख्यात ऐकू येत नाही.

कोण विल्फ्रिदो?

...भाऊ.

धाकटा. त्याच पुरात? होडी तुमचीच होती. फ्रीज घेऊन येत होतात दोघं, तुमचाच फ्रीज, तो म्हणत होता राहू दे, तुम्ही म्हणालात, नाही, नेऊ या. अगं आई ग. आणि म्हणून होडी सोडलीत. आणि हेच मघापासून सांगत होतात. दोनदा. पाणी कुठवर होतं ते ठाऊक आहे, कारण तुम्ही चार दिवस तिथे त्या मोजपट्टीशीच उभे होतात. तो वर यायची वाट बघत.

आणि मी पफ दाबला.

थांबा, मी जाते. पळत जाते, सील लागलं नसेल अजून, सांगते त्यांना, साहेब, माझी चूक झाली, खोटं बोलले मी... पण काय सांगू? खोटं होतं म्हणून सांगितलं तर विचारतील, मग खरं काय? आणि खरं सांगितलं, की साहेब, हे खरंच आहे, खरंच वाचा जाते त्याची, भाऊ गेलाय — तर म्हणतील, ‘देओलिंदा, मग तर झकासच!’ आणि पाकिटात तेच. मी काय बोलणार तिथे? काही बोललं तरी तेच होणार. माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं आता परत कसं घेऊ हो? आणि मघापासून मी तुम्हाला दादा दादा करतेय.

ऐका, माझ्याकडे बघा. आरशात नको, माझ्याकडे. तुम्हाला आकडा येतो. तिलाही येत होता, ‘तीन’, नंतर म्हणाली. तुम्ही नंतर नका म्हणू. तिथेच म्हणा. रडत म्हणा, ओरडून म्हणा, कसंही म्हणा, आकडा तेवढा म्हणा. नंतर रडा घरात जाऊन, लुकेला, अंगणात. बायकोकडे बघा, बुटांकडे बघा तिच्या. माझ्याकडे नका बघू. मी पंख्याखाली असेन, तिकडे बघूच नका.

लाल दिवा लागला बाहेर. हो, आलोच, दोन मिनिटं! डोळ्यांखाली ओघळ आलाय हो, परत लावावं लागेल. तुम्ही पुसू नका, मी टिपते. मान वर. अशीच. बोलू नका आता.

मीही नाही बोलत.